स्टेशनवरचे हातमोजे

नंदा, काल दुपारी तो जर्मन सिनेमा मी पहिल्यापासून पाहिला.

आपल्या सईनं तो तुझ्या टॅबवर कधीतरी घालून ठेवला होता, हे मला माहीत होतं. तू कितीदा म्हणालीस, आज लावू या का, सुरुवातीपासून. आणि दर वेळी मी काहीतरी काढलं. ड्यूटी आहे, पाठ धरलीय, उद्या लवकर उठायचंय. काल काढायला काही नव्हतं आणि कुणाला सांगायचंही नव्हतं. पडदे ओढले, एसी लावला, जेवणाच्या टेबलावर तुझ्या तूरडाळीच्या डब्याला टॅब टेकवला आणि बसलो. सुरुवात संपायच्या आतच मला तो पालथा घालून ठेवावा लागला.

तू जिंकलीस. त्या बाईला माहीत होतं.

इथल्या मराठी मंडळानं स्मरणिकेसाठी तुझ्यावर दोन पानं मागितली आहेत. मुलांचे मराठीचे वर्ग, दिवाळीत सगळ्या कंपाउंडला पुरणारा तुझा चिवडा, पन्नाशीला टेकल्यावर शिकलेलं ड्रायव्हिंग, असं काही लिहा म्हणाले. ते सगळं खरं आहे आणि ते इतर लोक माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. माझ्याकडे जे आहे ते दुसऱ्या कुणाकडे नाही. छापायचं की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवावं. मी आयुष्यभर कमी बोललो आणि लोकांनी त्याला माझा स्वभाव म्हटलं. तूही लोकांसमोर तसंच म्हणायचीस. स्वभाव होताच, पण त्याच्या आडोशाला मी आणखीही एक गोष्ट ठेवली होती.

मला क्रमानं सांगू दे. तू म्हणायचीस तसा मी लॅबमधला माणूस.

धाहरानला आलो तेव्हा समोरच्या घरात हेल्गा राहायची, फिजिओथेरपीवाली. तेव्हा सौदीत थिएटर नव्हतं आणि सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असायची. गुरुवारी संध्याकाळी ती हॉलच्या भिंतीवर पांढरी चादर टाचायची, प्रोजेक्टर लावायची आणि तिच्या देशातले जुने सिनेमे आम्हा शेजाऱ्यांना दाखवायची. तू कांदाभजी करून न्यायचीस. हेल्गाला भजी हा शब्द जमेना, म्हणून ती त्यांना नंदाची फुलं म्हणायची, आणि तू घरी येऊन म्हणायचीस, बघा, परक्या बाईला तरी माझ्या हातची फुलं दिसतात.

त्या गुरुवारी मला उशीर झाला. ब्लड बँकेचा फोन आला म्हणून थांबावं लागलं. मी आत शिरलो तेव्हा चादरीवर एक माणूस स्वयंपाकघरात ओव्हरकोट न काढता बसला होता आणि एक बाई बटाटे सोलत होती. तू सरकून जागा केलीस आणि कानाशी म्हणालीस, "नवरा आहे तिचा. युद्धकैदेतून सुटून आलाय."

तिथून पुढचं मी पाहिलं. शहर अर्धं पडलेलं. जिन्याला कठडा नाही. तो रोज पाण्याच्या बादल्या चार मजले वर आणतो. ती विटा तापवून फडक्यात गुंडाळते आणि त्याच्या पायाशी ठेवते. मोठा बटाटा कुणी घ्यायचा यावरून दोघं न बोलता ताटल्या सरकवत राहतात. त्यांचं एकमेकांवर प्रेम आहे यात शंका घ्यायला जागाच नव्हती. पण तो रात्री झोपत नाही, आणि ती रोज संध्याकाळी जेवायला बसताना एकच प्रश्न विचारते, माझा धाकटा भाऊ तुला तिकडे कुठे भेटला होता का? तो नाही म्हणतो. आणि आपण प्रेक्षक ओळखून असतो की भेटला होता. एकाच तुकडीत होते दोघं. भाऊ बर्फात पडला आणि हा त्याला तिथं टाकून पुढे निघून आला. शेवटी, कितीतरी हिवाळ्यांनंतर, त्याच स्वयंपाकघरात तो सांगून टाकतो. ती टेबलाच्या कडेला धरून रडते. मग डोळे पुसून बटाटे चुलीवर चढवते. संपलं.

हेल्गानं दिवा लावला. ती स्वतःच म्हणाली की तिचे वडीलही असेच परत आले होते आणि तिच्या आईनं त्यांना कधीच काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, असं कुणीतरी म्हणालं. हेल्गानं भज्यांची ताटली पुढे केली.

आपल्या घरापर्यंत चार पावलांचा रस्ता, पण तू मुद्दाम लांबच्या बाजूनं वळलीस. हिरवळीवर पाणी सोडलं होतं, त्याचा वास येत होता.

मी म्हणालो, "बिचारी. इतकी वर्षं तिला पत्ताच नाही."

तू थांबलीस. "कोण म्हणतं पत्ता नाही?"

"शेवटी तो सांगतो तेव्हा रडते की ती."

"त्यानं सांगितलं म्हणून रडते. कळलं म्हणून नाही. कळलेलं तिला स्टेशनवरच असतं."

"स्टेशन कुठे आहे त्यात?"

"सुरुवातीला. तुम्ही नव्हतात."

"काय आहे सुरुवातीला?"

"बघा एकदा."

मी म्हटलं, माहीत असतं तर ती त्याच्याबरोबर राहिली असती का? रोज त्याच्या पायाशी तापलेल्या विटा ठेवल्या असत्या? तू हसलीस. म्हणालीस, "तुम्ही लॅबवाले. कपाळाला हात लावून कळतो तो तापसुद्धा रिपोर्ट आल्याशिवाय मानणार नाही."

तेव्हापासून तो वाद आपल्या घरात राहायलाच आला. मेथी निवडताना निघायचा, गाडीत निघायचा. एकदा दम्मामच्या मासळीबाजारात पापलेटं बघता बघता तू अचानक म्हणालीस, समजा माहीत असूनही राहिली, तर तुमच्या मते ती मूर्ख ठरते का? मासेवाला बंगाली आपल्या तोंडाकडे बघत राहिला. मी म्हटलं मूर्ख नाही, पण अशी बाई खरी वाटत नाही. तू पापलेटाचे कल्ले वर करून बघितलेस आणि म्हणालीस, "हं." सई मोठी झाल्यावर कंटाळून म्हणायची, "आई, बाबा, इट्स जस्ट अ मूव्ही." तू म्हणायचीस, हो गं बाई, मूव्हीच आहे.

माझी बाजू मी इतकी हट्टानं का धरून होतो, ते आता ऐक.

धाहरानच्या आधी, तरुणपणी, आपण हफ्र अल बातिनला आलो. उत्तरेचं लष्करी गाव. इस्पितळ, बाजार, आणि त्यापलीकडे नुसती सपाट वाळू. तू संगमेश्वरची शाळेतली नोकरी बिनपगारी रजेवर सोडून आली होतीस. धूळ आत येऊ नये म्हणून खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावलेल्या. मी नसताना बाहेर जायचं नाही. सई नुकती चालायला लागलेली. खालच्या मजल्यावर श्रीवर्धनची खतीजाभाभी होती म्हणून तू तिथं टिकलीस. तिच्याकडची सुकी मासळी वर यायची, तुझ्या तांदळाच्या भाकऱ्या खाली जायच्या. तिचा नवरा युसुफभाई आमच्याच इस्पितळात ड्रायव्हर. इस्पितळाची सरकारी कामं करणारा एक मंदूब होता, त्याला पासपोर्टच्या कचेरीत, म्हणजे जवाजातला, नेणं-आणणं युसुफभाईच्याच गाडीतून व्हायचं. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी जे केलं ते केलं. तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, एवढंच यावरून म्हणता येईल.

त्याच्या आदल्या सुट्टीतली गोष्ट. तुझ्या माहेरी मी मागच्या पडवीत हात धूत होतो आणि आत तू वहिनींना म्हणालीस, "मला परत जायचंच नाही. हेडमास्तर म्हणतात, जागा अजून ठेवलीय." वहिनी काय म्हणाल्या ते नळाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी नळ बंद केला तर तू गप्प झाली होतीस. सुट्टी संपल्यावर तू परत आलीस, काही न बोलता. पण ते वाक्य माझ्या बॅगेतून आपल्याबरोबर आलं. मी तुला एकदाही विचारलं नाही, खरंच जायचं नव्हतं का? दुसरा कुणी असता तर विमानातच विचारलं असतं. भांडला असता, रडला असता. मी तुला खिडकीची जागा दिली.

मग तुझ्या दादांचा फोन आला. तुझ्या आई पडल्या होत्या, अंथरुणाला खिळल्या होत्या आणि सारखं तुझं नाव घेत होत्या. तू त्याच संध्याकाळी बॅग काढलीस. पासपोर्ट तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे इस्पितळाच्या कचेरीत. तुझा इकामा, राहण्याचा परवाना, माझ्या नावावर, म्हणजे तुला या देशाबाहेर पाऊल टाकायचं तर मी अर्ज करायचा, मग एक्झिट-रीएंट्रीचा शिक्का मिळणार. मी अर्ज केला. तेवढं मी सरळपणानं केलं. शिक्का मला वाटलं त्यापेक्षा लवकर मिळाला. मंदूबानं लॅबच्या दारात तुझा पासपोर्ट माझ्या हातात ठेवला, "यल्ला, खलास," चला, झालं काम, म्हणाला आणि गेला.

मी तो माझ्या लॉकरमध्ये ठेवला, रबरी हातमोज्यांच्या खोक्यामागे.

संध्याकाळी घरी आलो. तू दार उघडलंस आणि विचारलंस, "आला का पासपोर्ट?"

"नाही," मी म्हणालो. "जवाजातला गर्दी आहे."

मी काही ठरवून आलो नव्हतो. तुझ्या पाठीमागे ती भरलेली बॅग दिसली, तिच्यावर सईची छोटी चप्पल ठेवलेली दिसली, आणि तोंडातून ते निघालं. एक दिवस जाऊ दे, एवढंच मनात होतं. एक दिवस विचार करू. तुम्ही दोघी जाल, शाळा सुरू व्हायचे दिवस आहेत, हेडमास्तरांनी जागा ठेवलीय, आईंना सोडून निघवणार नाही. आणि मी या चिकटपट्ट्या लावलेल्या खिडक्यांमागे कायमचा एकटा. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटलं, आज देऊ. लॉकर उघडला, पासपोर्ट बघितला, मोज्यांची जोडी घेतली, लॉकर लावला. संध्याकाळी तू पुन्हा विचारलंस. मी म्हटलं, मंदूब रजेवर गेलाय.

जा, पण परत ये. एवढंच म्हणायचं होतं मला. त्यात अवघड काय होतं ते मला आजही सांगता येत नाही.

तू रोज विचारत राहिलीस. आवाज चढला नाही, कपाळावर आठी आली नाही. इस्पितळात फोन करा, कुणाला तरी भेटा, असंही कधी म्हणाली नाहीस. दार उघडायचीस, माझ्या हातातली पिशवी घ्यायचीस, आणि माझ्याकडे बघून विचारायचीस, "आला का पासपोर्ट?" मी नाही म्हणायचो. मग तू पानं घ्यायचीस. मला वाटायचं, किती विश्वास आहे हिचा. त्या विश्वासाची मला लाज वाटायची, आणि नंदा, खोटं कशाला सांगू, बरंही वाटायचं. बॅग बेडरूमच्या दाराशीच होती. आपण दोघंही तिला वळसा घालून आत-बाहेर करत होतो.

आई गेल्या तेव्हा तू मला लॅबमध्ये फोन केलास. "आई गेली," एवढंच म्हणालीस आणि ठेवलास. मी लॉकर उघडला, पासपोर्ट घेतला आणि घरी आलो. त्या दिवशी तू काही विचारलं नाहीस. मीच म्हणालो, "आजच आला."

आधीच्या सगळ्या संध्याकाळींना मी भीतीचं नाव देऊ शकतो. त्या दुपारच्या खोट्याला माझ्याकडे नाव नाही. आई गेल्या होत्या. आता मी काय वाचवत होतो? स्वतःलाच.

तू पासपोर्ट हातात घेतलास. उघडला नाहीस. त्याच्या निळ्या कव्हरवर पांढरी भुकटी बसली होती, रबरी मोज्यांची. ती तू ओढणीच्या टोकानं हळूच पुसलीस आणि तो बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवलास.

तुम्ही दोघी संगमेश्वरला पोचलात तेव्हा सगळं उरकलेलं होतं. मग मी वाट बघत राहिलो. आता मला वाट बघायचा काय अधिकार होता, पण बघत होतो. आणि तू परत आलीस. दम्मामच्या विमानतळावर खांद्यावर झोपलेली सई, हातात आमसुलांची पिशवी. मला म्हणालीस, "खूप वेळ थांबलात का?" हफ्रपर्यंत गाडीत तुम्ही दोघी झोपला होतात आणि मी रस्त्याकडे बघत एकच हिशेब करत होतो. ही परत आली, म्हणजे हिला माहीत नाही. माहीत असतं तर आली नसती.

माझं सगळं आयुष्य मी त्या एका वाक्यावर उभं केलं. तुला त्याची कल्पना असेलच. म्हणून त्या परक्या शहरातल्या बटाटे सोलणाऱ्या बाईला काही माहीत असलेलं मला चालण्यासारखं नव्हतं. तिला माहीत असूनही ती राहू शकते, एवढं एकदा कबूल केलं की माझा रिपोर्ट चुकला.

आणि तू माझ्यासाठी किती वेळा दार उघडं ठेवलंस. बहारीनच्या पुलावर, सिनेमा बघायला जाताना, खिडकीतल्या माणसाला पासपोर्ट दाखवून झाले की तू तुझाही मला परत द्यायचीस. म्हणायचीस, "तुमच्याकडेच राहू द्या. तुम्ही नीट ठेवता." मी हसून खिशात घालायचो. हे असं तू कितीतरी वर्षं म्हणालीस. आता रात्रंदिवस ते ऐकू येतं.

बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली तेव्हा पहिल्या आठवड्यात तू शिकवणीला नाव घातलंस. परवाना हातात आला त्या संध्याकाळी मला म्हणालीस, "तुम्ही बसा, मी नेते." समुद्राच्या कडेकडेनं कॉर्निशवर नेलंस. वळणावर तू जीभ दातांत धरायचीस. मी दाराचा दांडा घट्ट धरून बसलो होतो तर म्हणालीस, "घाबरू नका. पळून नाही जात." मी हसलो. तूही हसलीस. त्या वेळी तुझ्या तोंडाकडे नीट बघितलं असतं तर. पण मी रस्त्याकडे बघत होतो. मी कायम रस्त्याकडेच बघत आलो.

थिएटरं उघडल्यावर मी तुला पहिल्या आठवड्यात घेऊन गेलो. मोठ्या आवाजाचा कुठलातरी हाणामारीचा सिनेमा होता, तुला आवडला नाही, पण मध्यंतर नसतं याचंच तुला जास्त वाईट वाटलं. बाहेर येताना म्हणालीस, एवढ्या मोठ्या पडद्यावर आपला तो लागला तर किती छान. मी म्हटलं, आपला कुठला? तू म्हणालीस, "जाऊ दे."

तू गेल्यावर पहिलं काम माझ्याकडे आलं ते तुझ्या फायनल एक्झिटचं. ती झाल्याशिवाय तुला घरी नेता येईना. पुन्हा तोच इकामा, पुन्हा माझंच नाव, तुझ्या जाण्याला माझी संमती. टेबलापलीकडचा तरुण सौदी अधिकारी अदबीनं वागला. माझ्यासाठी पाणी मागवलं, तुझ्यासाठी दोन शब्दांची दुआ म्हणाला, आणि कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "खलास." मी घड्याळाकडे पाहिलं. सकाळ अजून संपायची होती.

किती पटकन होतं ते काम, नंदा.

संगमेश्वरला सगळे विधी झाले. दादा थकलेत. आईंच्या फोटोशेजारी तुझा फोटो लावला तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तुम्ही तिला फार जपलंत. मी मान हलवली. बघ, तिथंही मान हलवली. मग सई पुण्याला गेली आणि मी नोकरीचं आवरायला इकडे परतलो. राजीनामा दिलाय. सामान बांधायला घेतलं, आणि काल तुझा टॅब हाती लागला.

तर, सुरुवात. तू कधी सांगितली नाहीस, बघा एकदा म्हणालीस, म्हणून मीच तुला सांगतो काय आहे ते.

स्टेशन आहे. छप्पर उडालेलं. गाडीतून माणसं उतरतात, बायका फोटो हातात धरून उभ्या आहेत. ती त्याला लांबून ओळखते, पळत येते. तो हात पुढे करतो. त्यानं लोकरीचे हातमोजे घातलेले आहेत, करडे, आणि एका अंगठ्याला वेगळ्याच रंगाची लोकर. त्याच्या आधीच्या एका छोट्या तुकड्यात आपण पाहिलेलं असतं, ती ते मोजे विणते आहे, लोकर संपते, अंगठ्याला दुसरी जोडते, आणि धाकटा भाऊ समोर हात पसरून बसलाय. आता ती नवऱ्याचे हात बघते. कॅमेरा तिच्या तोंडावर राहतो, बराच वेळ. ती ओरडत नाही, विचारत नाही. ते मोजे एकेक करून त्याच्या हातांतून काढते, घडी करून आपल्या पिशवीत घालते, आणि त्याचे उघडे हात आपल्या दोन्ही हातांत धरून म्हणते, किती गार पडलेत. मग त्याला घरी घेऊन जाते.

घरी, त्या पहिल्याच संध्याकाळी, ती त्याला भावाबद्दल पहिल्यांदा विचारते.

तिथं मी टॅब पालथा घातला. तुझी ओढणी दिसली मला. भुकटी पुसणारी.

पुढचं पाहिलं नाही. श्रीवर्धनला फोन लावला. युसुफभाई आता सुपारीची बाग बघतात, खतीजाभाभींचे गुडघे गेलेत. तू गेल्याचं कळल्यावर त्या फोनवर इतक्या रडल्या होत्या की बोलणं झालंच नव्हतं. काल मी सरळच विचारलं, भाभी, हफ्रला असताना नंदाला तिच्या पासपोर्टचं माहीत होतं का?

त्या म्हणाल्या, "पहिल्या दिसापासून मालूम होतं, भाऊ. आमचे हे दुपारी घरी येऊन बोलले, नंदाचं काम झालं, पासपोर्ट तुमच्या हातात दिला. मी वर जाऊन तिला म्हटलं, चल, उद्याचं तिकीट बघ. ती इतकी खूश झाली, मला मिठीच मारली. आणि संध्याकाळी तुम्ही आलात."

मी विचारलं, मग ती बोलली का नाही? भाभी म्हणाल्या, मी तिला हेच बोलले, तू मागून घे, भांड. तर म्हणे, मागितला तर देतील, पण मग ते मी घेतल्यासारखं होईल; त्यांनी द्यायला हवा. आई गेल्यावरही भाभींनी तुला सांगितलं, आता तरी तोंड उघड. तर तू म्हणालीस, आता उघडून आई थोडीच येणार आहे. आणि भाभींना कुणाला न सांगायची शपथ घातलीस.

"आणि परत का आली, भाभी?"

"ते तुम्ही तिला विचारायचं होतं," भाभी म्हणाल्या. रागानं नव्हे. दमल्यासारख्या.

दया होती का, सई होती का, की त्या पडवीतल्या वाक्यात नळाच्या आवाजामुळे मला ऐकू न आलेलं आणखी काही होतं? एवढं कळतं की तू डोळे उघडे ठेवून परत आलीस, आणि नंतरची सगळी वर्षं, मेथी, मासळीबाजार, कॉर्निश, डोळे उघडे ठेवूनच माझ्या शेजारी बसलीस. मला वाटत होतं मी काहीतरी लपवून ते सुख राखलंय. राखत तू होतीस. तुझी आई मी तुझ्यापासून तोडली आणि तू माझ्यापासून काही तोडलं नाहीस. याला क्षमा म्हणायचं की शिक्षा, हा वाद आता मला एकट्यालाच घालावा लागणार.

फोन ठेवायच्या आधी भाभी आणखी एक बोलल्या. हफ्रला त्या दिवसांत तू दुपारी त्यांच्याकडे खाली बसायचीस. माझी गाडी यायची वेळ झाली की सईला कडेवर घेऊन उठायचीस आणि म्हणायचीस, "जाते भाभी. आज सांगतील."

रोज म्हणायचीस, म्हणाल्या.

आज संध्याकाळी कचेरीतून आलो तेव्हा दार मीच किल्लीनं उघडलं. हातात पिशवी तशीच होती. आत अंधार होता, एसी चालू राहिला होता. मी दाराशी थोडा वेळ उभा राहिलो, तू येऊन विचारशील एवढा वेळ.

आला होता, नंदा. पहिल्याच दिवशी आला होता. माझ्याकडेच होता.